मांडी आणि जांघ एक नव्हेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत मांडीच्या पुढच्या भागाची ओळख करून देणारं अर्धं पान होतं. मधोमध रंगीत चित्र, बाजूला व्यायामाचा फोटो, खाली ‘हे लक्षात ठेवा’ अशी चौकट. मी बत्तीस वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवली. त्यातली निम्मी तरी डिसेक्शन हॉलमध्ये उभ्यानं गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी असं पान दिसलं की हात आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे जातो. वाचून होईपर्यंत पानावर सात खुणा झाल्या. वर्तमानपत्र म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे हे मला कळतं, आणि सातांतल्या पाच खुणा मी गिळूनही टाकल्या असत्या. दोन गिळता येत नाहीत, म्हणून हे पत्र. बाकीच्या ओघात येतील तशा येतील.

पहिली खूण एका शब्दावर आहे. लेखात छापलंय: ‘लहान बाळांना लस जांघेच्या पुढील भागात दिली जाते.’ हे वाक्य हिंदीतून आलंय हे ओळखायला शरीरशास्त्र लागत नाही. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे आपली मांडी. मराठीत जांघ म्हणजे ओटीपोट संपून मांडी सुरू होते तिथली घडी. मूळ मजकूर बरोबरच असणार. भाषांतर करताना सुई चार-पाच बोटं वर आणि आत सरकली, आणि बाळाच्या अंगावर चार-पाच बोटं म्हणजे फार झाली. लस टोचतात ती मांडीच्या मधल्या तिसऱ्या भागात, पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला. तिथं ‘व्हास्टस लॅटरॅलिस’ नावाचा जाडजूड स्नायू असतो. बाळाच्या दंडात मांस बेताचंच, मांडीत मात्र पुरेसं. आणि त्या जागेच्या आसपास मोठी रक्तवाहिनी किंवा मोठा चेतातंतू नाही. म्हणून ती जागा. जांघेत याच्या अगदी उलट परिस्थिती. पायाला जाणारी बरीचशी मोठी मंडळी तिथं एकाच दारातून आत शिरतात, आणि कातडीपासून फार खोलही नसतात.

नर्सबाई तुमची पुरवणी वाचून लस टोचत नाहीत, हे मान्य. पण तीव्र अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रेनलिनचं पेन जवळ बाळगणारे लोक ते स्वतःच टोचून घेतात, घाबरलेल्या अवस्थेत, आणि कधी कधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते टोचावं लागतं. ती जागाही मांडीचीच, बाहेरच्या बाजूची, मध्यावरची. ज्यानं रविवारी ‘जांघ’ वाचलंय त्याच्या हाताला ऐन वेळी काय आठवेल, याची मला धास्ती वाटते.

खरं तर आपल्या भाषेनं हे दोन शब्द फार नेमके वेगळे ठेवलेत. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, जिथं पट्टा टेकतो ते, आणि मध्यभागी खाली जघनाच्या हाडावर लागणारा छोटा उंचवटा, या दोहोंमध्ये एक चिवट पट्टी ताणलेली असते. तिला ‘इन्ग्वायनल लिगामेंट’ म्हणतात. पट्टीच्या वर पोट, खाली मांडी. आणि ही पट्टी जिथं जाणवते ती जांघ. पायाला जखम झाली, पिकली, की माझी आजी आधी जखम न बघता जांघेत हात लावून बघायची आणि सांगायची, ‘अवधाण आलंय.’ तिला लसीका (लिम्फ) हा शब्द ठाऊक नव्हता. पण पायातून येणाऱ्या लसीकावाहिन्या जांघेतल्या गाठींत जमतात, आणि टाचेतलं दुखणं त्या गाठी आधी सांगतात, एवढी शरीररचना तिला पक्की येत होती. मात्र जांघेतली प्रत्येक गाठ अवधाण नसते. पट्टीच्या खाली, सगळ्यांत आतल्या कडेला एक छोटी रिकामी जागा असते, त्यातून आतड्याचा एखादा वेढा खाली उतरू शकतो. हा हर्निया पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो, आणि वाट अरुंद, कडा टणक, त्यामुळे आतडं अडकून बसण्याचा धोका मोठा. आजीच्या बोटांना हा फरक कळत होता की नाही, ते आता कुणाला विचारणार?

आता चित्र. चित्रात जांघेपाशी तीन रेघा आहेत: बाहेरून आत मोजलं तर आधी निळी, मग तांबडी, मग पिवळी. म्हणजे शीर बाहेर, धमनी मध्ये, चेतातंतू आत. बरोबर उलटा क्रम. मी आधी समजले, छपाईत चित्र आरशासारखं फिरलं असेल, उजवी मांडी डावी झाली असेल. म्हणून तिरका जाणारा लांबोडा स्नायू कुठून कुठं जातोय ते तपासलं. तो कमरेच्या बाहेरच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला बिनचूक उतरलाय. चित्र फिरलेलं नाही. तीन रेघाच चुकल्यात.

हे पडताळायला पुस्तक लागत नाही. उताणं पडावं. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक एका बोटानं धरावं, दोन्ही बाजूंची जघनाची हाडं पुढं मधोमध जिथं जुळतात तिथं दुसरं बोट. दोघांच्या बरोबर मध्ये, घडीच्या किंचित खाली, तिसऱ्या बोटानं जरा दाबून थांबावं. थडथड लागते, ती फेमोरल, म्हणजे मांडीची, धमनी. तिच्या बाहेरच्या अंगाला फेमोरल चेतातंतू, आतल्या अंगाला फेमोरल शीर, आणि शिरेच्याही आत ती रिकामी जागा. इंग्रजीत शिकणारी मुलं यासाठी आद्याक्षरं जुळवून ‘नेव्हल’ म्हणजे बेंबी असा शब्द पाठ करतात. मी वर्गात मराठी वाक्य दिलं होतं: ‘चेतनानं धरली शीर.’ चेता, धमनी, शीर. जवळपास प्रत्येक बॅचमध्ये एखादी चेतना निघायचीच आणि वर्षभर बिचारीची सुटका नसायची. तीस वर्षांनी भेटलेले डॉक्टर बाकी सगळं विसरलेले असतात, चेतना लक्षात असते.

हा क्रम पाठांतरापुरता नाही. डिसेक्शनच्या टेबलावर पहिल्यांदा ही जागा उघडताना मी मुलांना सुरी खाली ठेवायला लावायची. बोथट चिमट्यानं, चरबी बाजूला सारत सारत जायचं. मग एक पातळ, ओलसर चमकणारी पिशवी दिसते. धमनी, शीर आणि रिकामी जागा या तिघांना गुंडाळून असलेली. पोटाच्या आतलं अस्तरच त्यांच्याबरोबर दोन-तीन बोटं खाली उतरलेलं असतं. चेतातंतू या पिशवीत नसतो. तो बाहेर, स्नायूवरच्या वेगळ्या आवरणाखाली, परका असल्यासारखा. आणि ज्याला अंगठ्याच्या नखाएवढी जाड दोरी समजून मुलं शोधत असतात तो जांघेखाली दोन बोटंही सलग टिकत नाही. केरसुणी उलटी धरावी तसा एकदम फाटतो, दहा-बारा काड्या होतात. काही काड्या स्नायूंना, काही कातडीला, एक लांबच लांब काडी थेट पावलाच्या आतल्या कडेपर्यंत. घाईनं सुरी चालवणाऱ्या मुलाला या काड्या म्हणजे चरबीतले धागे वाटतात आणि तो त्या साफ करून टाकतो. मग मला विचारतो, ‘मॅडम, या देहाला फेमोरल नर्व्ह नाहीये का?’

यात दोष थोडा आपल्या बोलण्याचाही आहे. आपण चेतातंतूलाही शीर म्हणतो, रक्तवाहिनीलाही शीर, आणि आखडलेल्या कंडरेलाही शीर. ‘शीर दबली’, ‘शीर तटतटली’, ‘शीर धरली’. शेजारचे एक गृहस्थ मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, कपडा लागला तरी चुरचुरतं, म्हणून कितीतरी दिवस पाठीच्या मणक्याला शेक देत होते. ‘कमरेत शीर दबलीय’ असं कुणीतरी सांगितलेलं. गुडघा सरळ करताना ताकद पूर्ण होती, फक्त कातडीचा हातभर पट्टा बधिर आणि जळजळता. ते हत्यारांचा जड पट्टा कमरेला आवळून काम करायचे. कमरेच्या हाडाच्या टोकाला लागूनच, पट्टीखालून, एक बारीक चेतातंतू मांडीच्या बाहेरच्या कातडीकडे जातो. तो निव्वळ संवेदनेचा, स्नायू हलवणं त्याच्याकडे नाही. तो तिथं चेपला की हे असंच होतं. 1895 साली या तक्रारीचं वर्णन बर्नहार्ट आणि रोथ यांनी वेगवेगळं केलं, आणि त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइडनं स्वतःच्या मांडीला होणाऱ्या याच त्रासाबद्दल लिहिलं. मनोविश्लेषणवाला फ्रॉइड तोच. तेव्हा तो मज्जाविकारांचा डॉक्टर होता. मी शेजाऱ्यांना फ्रॉइड सांगितला नाही, पट्टा सैल करा आणि एकदा डॉक्टरांना दाखवा एवढंच सांगितलं.

क्रम का महत्त्वाचा, याचा अनुभव मी स्वतःच्या जांघेवर घेतलाय. चार वर्षांपूर्वी माझी अँजिओग्राफी झाली, मनगटातून जमली नाही म्हणून जांघेतून. काम आटोपल्यावर नळी काढली आणि एक तरुण मुलगा धमनीवर बोटं दाबून उभा राहिला. वीस मिनिटं. ओळख ना देख, आणि तो शांतपणे छताकडे बघत माझ्या जांघेवर सगळा भार देऊन उभा. मी मनात त्याची परीक्षा घेत होते. बोटं बरोबर जागी होती. तिथं दाबलं की धमनीच्या मागं खुब्याच्या सांध्याचा गोळा येतो. बोट आणि हाड यांच्यामध्ये धमनी चिमटीत सापडते. सुई पट्टीच्या वर गेली असती तर मागं टेकायला काहीच कठीण नाही. रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत जात राहतं, वरून कातडी साफ कोरडी, आणि रक्तदाब उतरेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. फार खाली गेली तरी पंचाईत, कारण तिथं धमनीला फाटा फुटतो आणि मागं हाडाचा आधारही राहत नाही. मधली जागा चार बोटांचीही नाही.

पाय सरळ ठेवून पडून राहायला सांगितलं होतं. रात्री चष्मा घ्यायला मी गुडघा दुमडून वळले. बत्तीस वर्षं शिकवलं, आणि नेमकं तेच केलं. सकाळी जांघेपासून मांडीच्या आतल्या बाजूला हातभर निळं-जांभळं पसरलं होतं. पुढं ते हिरवं झालं, मग पिवळं, आणि तीन आठवड्यांत गेलं. मुलगी म्हणाली, ‘आई, फोटो काढून ठेव, लेक्चरला होईल.’ काढला नाही, आता वाटतं काढायला हवा होता.

आता दुसरी न गिळता येणारी खूण. चौकटीतलं तिसरं वाक्य: ‘मांडीतील वरवरच्या फेमोरल शिरेत गुठळी झाल्यास घाबरण्याचे कारण नसते.’ संपादक महाशय, कारण असतं. चूक मुळात तुमच्या लेखकाची नाही, नाव ठेवणाऱ्यांची आहे. मांडीतून धमनीला चिकटून, स्नायूंच्या आत खोल जाणारी जी मुख्य शीर, तिला पुष्कळ काळ ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ म्हणत आले, का, तर ‘डीप फेमोरल’ नावाची तिच्याहूनही खोल एक शीर आहे, तिच्यापासून ओळखू यावी म्हणून. नाव वरवरचं, शीर खोल. तिथली गुठळी सुटली तर ओटीपोटातून वर, हृदयाच्या उजव्या बाजूत आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. या नावानं डॉक्टरांचीही फसगत होते, हे लक्षात आल्यावर ‘सुपरफिशियल’ हा शब्द गाळून नुसतं ‘फेमोरल व्हेन’ म्हणायची पद्धत आली. तुमच्या लेखकानं जुनं नाव घेतलं, त्याचं शब्दशः मराठी केलं आणि त्यावर धीर दिला. एकच पाय सुजला, जड झाला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं. तुमची चौकट त्या माणसाला घरी बसवते.

खरोखर कातडीखालची, वरवरची शीर वेगळी. ती पावलावरून निघून घोट्याच्या आतल्या हाडाच्या पुढून चढते, गुडघ्यापाशी आतल्या बाजूनं मागं सरकते आणि मांडीवरून परत पुढं येऊन जांघेच्या थोडं खाली फेमोरल शिरेत बुडी मारते. ग्रेट सॅफनस; शरीरातली सर्वांत लांब शीर. हिच्यातली गुठळीसुद्धा जांघेजवळ असेल तर हसण्यावारी नेऊ नये. या शिरेचा तुकडा काढून हृदयाच्या बायपासला वापरतात. क्लीव्हलंडमध्ये काम करणाऱ्या रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदानं 1967 साली ही पद्धत रुळवायला सुरुवात केली. शिवताना तुकडा उलटा फिरवतात, कारण शिरेत झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देतात. सुलटा शिवला तर झडपा रक्ताच्या तोंडावर मिटतील. मुलांना ही गोष्ट सांगितली की झडपा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

धमनीबद्दल लेखात म्हटलंय की फेमोरल धमनी मांडीच्या सर्व स्नायूंना रक्त पुरवते. ढोबळमानानं चालेल, पण खरी गंमत निसटते. जांघेखाली तीन-चार सेंटिमीटरवर धमनीला मागच्या बाजूनं एक जाड फाटा फुटतो, प्रोफंडा फेमोरिस. मांडी पोसण्याचं बरंचसं काम या फाट्याकडे. तो हाडाजवळून खोल उतरतो आणि त्याच्या शाखा स्नायूंना भोकं पाडून पार मागच्या बाजूपर्यंत पोचतात. मूळ धमनी मात्र मांडीतून बहुतांशी वाटसरूसारखी जाते. मघाशी तपासलेला तो तिरका लांबोडा स्नायू तिच्यावर छप्पर धरतो, त्या छपराखालच्या बोगद्यातून ती मांडीच्या आतल्या बाजूनं खाली जाते, शेवटी एका मोठ्या स्नायूमधल्या खिंडीतून मागं निसटते आणि गुडघ्यामागच्या लवणीत प्रकट होते.

या बोगद्याला जुने लोक ‘हंटर कॅनॉल’ म्हणतात. जॉन हंटर हा लंडनचा सर्जन. डिसेंबर 1785 मध्ये त्याच्याकडे पंचेचाळीस वर्षांचा एक घोडागाडीवाला आला. गुडघ्यामागच्या लवणीत धमनीला मोठा फुगा झालेला. त्या काळी अशा माणसाचा पाय तरी कापत, नाहीतर फुगाच चिरत, आणि दोन्हीत माणूस बहुधा दगावत असे. हंटरनं फुग्याला हात लावला नाही. वर, मांडीच्या मध्यावर, या बोगद्यात शिरून त्यानं धमनीच बांधून टाकली. मुख्य धमनी बांधल्यावर पाय काळा पडायला हवा होता, पडला नाही. प्रोफंडाच्या शाखा गुडघ्याभोवतीच्या बारीक धमन्यांशी जोडलेल्या असतात. मोठा रस्ता बंद झाल्यावर गल्लीबोळांतून वाहतूक चालू राहिली. फुगा आकसला, माणूस पायावर चालू लागला. सव्वा वर्षानं तो तापानं गेला, तेव्हा हंटरनं तो पाय मिळवला आणि उघडून पाहिला. हे शेवटचं वाक्य ऐकून वर्गातल्या मुली तोंड वाकडं करायच्या. मला त्याच वाक्यासाठी हंटर आवडतो.

हा बोगदा आज भूलतज्ज्ञांना फार उपयोगी पडतो. माझ्या ताईचा गुडघा बदलला तेव्हा दुखू नये म्हणून जांघेतच फेमोरल चेतातंतू बधिर केला होता. वेदना नव्हती, त्यामुळे तिला वाटलं आपण ठणठणीत आहोत. रात्री उठून उभी राहिली आणि गुडघा पट्टी दुमडावी तसा मिटला, कारण गुडघा ताठ ठेवणारे स्नायूही त्याच चेतातंतूवर चालतात. नशीब, पलंगावरच बसली. हल्ली अनेक ठिकाणी औषध जांघेत न देता खाली, बोगद्यात देतात. तिथपर्यंत येताना बहुतेक स्नायूंच्या काड्या आधीच सुटून गेलेल्या असतात. उरते ती पावलापर्यंत जाणारी संवेदनेची लांब काडी आणि एका स्नायूची काडी. वेदना बरीच कमी होते आणि पायात जोर राहतो.

आता स्नायू. क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीच्या पुढचा चार भागांचा मोठा स्नायू. लेखात ‘क्वाड्रिसेप्सचे चारही भाग मांडीच्या हाडापासून सुरू होतात’ असं आहे. तीन होतात, चौथा होत नाही. मधला, मांडीवर हात ठेवला की हाताखाली येतो तो रेक्टस फेमोरिस, कमरेच्या हाडापासून निघतो आणि खुब्याचा सांधा ओलांडून खाली येतो. त्यामुळे तो दोन कामं करतो: गुडघा सरळ करतो आणि मांडी पोटाकडे उचलतो. चेंडूला लाथ मारताना आधी पाय मागं जातो, गुडघा दुमडतो, आणि हा स्नायू दोन्ही टोकांकडून ताणला जातो. खेळाडूंचा हाच स्नायू वरचेवर का फाटतो ते यावरून कळेल.

आणि म्हणूनच तुमचा फोटो पाहून मला हसू आलं. तरुणानं एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच पार्श्वभागाला लावलीय, खाली ओळ ‘मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताण’. पण तो कमरेतून पुढं वाकलाय! वाकल्यामुळे खुब्याच्या बाजूनं रेक्टस सैल पडला. गुडघ्याकडून ओढला तेवढाच. इतर तिघांना ताण बसेल, ज्याला सगळ्यांत जास्त हवा त्याला निम्माही नाही. पाठ सरळ, पोट किंचित आत, दुमडलेला गुडघा दुसऱ्या गुडघ्याच्या रेषेत किंवा त्याच्याही मागं. एवढं केलं की जांघेच्या थोडं खाली ओढ जाणवते. तिथं जाणवली नाही तर फोटोतल्यासारखं काहीतरी चाललंय.

चित्रात चारऐवजी तीनच भाग दिसतात, त्याबद्दल मी चित्रकाराला माफ केलंय. चौथा, व्हास्टस इंटरमीडियस, रेक्टसच्या पोटाखाली दडलेला असतो. ‘मॅडम, चौथा कुठाय?’ हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि मी दरवर्षी रेक्टसखाली बोट घालून तो पुलासारखा उचलून दाखवायची. मग सगळ्यांचा ‘अच्छा!’ एका सुरात. चौघांची मिळून एक कंडरा होते, ती गुडघ्याच्या वाटीला धरते आणि वाटीखालून एक जाड पट्टा नडगीच्या वरच्या उंचवट्यावर जाऊन रुततो. डॉक्टर हातोडी मारतात ती या पट्ट्यावर, लेखात म्हटलंय तशी वाटीवर नव्हे. वाटीवर मारली तर पाय उडायच्या आधी पेशंट उडेल.

राहिला तो लांबोडा, सार्टोरियस. ‘शरीरातील सर्वांत लांब आणि शक्तिशाली स्नायू’ यातला लांब बरोबर, शक्तिशाली नाही. फितीसारखा असतो बिचारा. नवशिकी मुलं त्याला चरबीच्या पापुद्र्याबरोबर उचलून टाकायची. सार्टर म्हणजे लॅटिनमध्ये शिंपी. मांडी उचलणं, बाहेर फिरवणं, गुडघा दुमडणं ही त्याची तीन कामं एकदम केली की शिंपी बसायचे ती बैठक होते. त्या बैठकीला आपण ‘मांडी घालणं’ म्हणतो. लॅटिननं बैठकीवरून स्नायूला नाव दिलं, मराठीनं अवयवावरून बैठकीला. लेखकाला हे सुचलं असतं तर अर्धं पान वाचनीय झालं असतं.

मागणी दोनच गोष्टींची आहे. येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि वाचता येईल अशा टाइपात दोन दुरुस्त्या छापाव्यात: ‘जांघेच्या पुढील भागात’ऐवजी ‘मांडीच्या पुढील-बाहेरील भागात, मध्यावर’, आणि शिरेच्या गुठळीबद्दलचं वाक्य मागं घेऊन, एक पाय अचानक सुजल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, असं वाक्य. मंगळवारच्या अंकात आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळी नकोत. रविवारचं कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवणारे मंगळवारचं तळ वाचत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शरीररचना शिक्षिका

ता. क. चित्र पुन्हा काढणार असाल तर चित्रकाराला आधी स्वतःच्या जांघेत ती थडथड शोधायला सांगा. मग तांबडी रेघ तिथं, पिवळी तिच्या बाहेर, निळी आत. छापण्याआधी मला पाठवलंत तर बघून देईन. फक्त पेन्सिलीनं काढलेलं पाठवा, खोडरबर माझ्याकडे आहे.